पदर कुणाचा, नाव कुणाचं?

नाशिकच्या द्वारका चौकातून निघून निफाड, विंचूर मागे टाकत ८०-८५ किलोमीटर गेलं की येवला येतं. तात्या टोपे जन्मले ते गाव; १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेही हेच. आज मात्र गावात शिरताच डोळ्यांत भरतात त्या पैठणीच्या दुकानांच्या पाट्या.

पैठणीचा अस्सल पदर आणि युरोपातले टॅपेस्ट्रीचे भित्तिपट यांची विणायची रीत मुळात एकच. बाण्याचा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. मोराच्या मानेला निळा हवा तेवढ्याच जागेत तो फिरतो आणि आपल्या हद्दीवरून मागे वळतो. प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी. विणकर ताण्याचे धागे मोजून बोटांनी उचलतो, तिल्ली घालतो, फणी ठोकतो. भरगच्च पदराला यात महिने जातात. धागा असा हद्दीवरून वळतो, म्हणून हा पदर उलटून पाहिला तरी मोर तितकाच देखणा दिसतो. जॅकार्डवरच्या स्वस्त मालाच्या पाठीवर मात्र कापलेल्या धाग्यांची पिंजण दिसते.

हात असा तयार, मग नक्षी का थबकली? बांगडी मोर, असावली, मुनिया, अजिंठ्याचं कमळ ही शब्दसंपदा श्रीमंत आहे, यात वाद नाही. पण अलीकडे बदलतं ते बहुधा प्रमाण: काठ रुंद, मोर मोठे, अंगभर ब्रोकेड. नवी रेषा क्वचितच दिसते. याचा दोष विणकराच्या कल्पनाशक्तीवर ढकलणं सोपं आहे. सूत-जरी व्यापाऱ्याची, नक्षी ठरलेली, मजुरी नगावर. अशा मागावर प्रयोग फसला तर घर कसं चालायचं?

नक्षीसारखाच प्रश्न नावाचाही आहे. ब्रसेल्समध्ये १५२८ च्या फर्मानाने मोठ्या भित्तिपटांवर शहराच्या शिक्क्यासोबत विणणाऱ्या कारखान्याची खूणही सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे शिक्का आला, खूण राहिलीच. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विणकर येवल्यात आहेत, पण ती नावं पदरावर उमटत नाहीत.

मुंबईच्या मोनिका कोरिया यांचं उदाहरण इथे बोचतं. विणतानाच मागाची फणी काढून टाकायची आणि ताण्याला मोकळं वाहू द्यायचं, ही त्यांची युक्ती. त्यांचं १९७२ चं 'ओरिजिनल सिन' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या नावानिशी आहे. कौशल्यात येवल्याचा कसबी विणकर त्यांच्यापेक्षा उणा नाही. कोरिया यांना मागावर चुकण्याची मोकळीक होती, हा फरक मोठा.

टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने २००४ पासून पैठणी घराघरांत नेली. त्या कार्यक्रमात वहिनींचं नाव, माहेर, सासर, उखाणा सगळं विचारलं जाई. साडी कुणी विणली, हा प्रश्न मात्र कार्यक्रमाच्या रीतीत नव्हता, आणि दुकानातलं गिऱ्हाईकही तो सहसा विचारत नाही.