पंधरा सेकंदांचे नृत्य

काशीच्या दशाश्वमेध घाटावर सूर्यास्ताच्या सुमारास जो समाज जमतो, त्यात अलीकडे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. एक, आरतीसाठी जागा धरून बसलेल्यांचा; दुसरा, आरतीपूर्वी पायरीवर मोबाईल टेकवून त्यापुढे नाचून घेणाऱ्यांचा. या दुसऱ्या वर्गाची थट्टा करणे सोपे आहे, आणि नोकरीनिमित्त इकडे आलेला मराठी माणूस ती हटकून करतो. आमचा तसा हेतू नाही. २०२४ साली संजू राठोड यांच्या 'गुलाबी साडी' या गाण्यावर देशभर अशी असंख्य नृत्ये झाली. ज्यांना मराठीचा गंध नाही, त्यांनीही त्यावर ठेका धरला. जळगावकडच्या एका तरुणाने रचलेले आणि गाइलेले मराठी गाणे इतक्या दूर जावे, ही घटना वाङ्मयीन नियतकालिकाने दुर्लक्षावी इतकी क्षुल्लक खास नव्हे. प्रश्न एवढाच की, दूर जे गेले ते नेमके काय होते?

या नृत्याची जात समजून घ्यायची, तर आधी त्याचे माप पाहिले पाहिजे. जुलै २०२० मध्ये भारतात इन्स्टाग्रामवर रील आले, तेव्हा त्याची मर्यादा १५ सेकंदांची होती. पुढे ती वाढली, पण घडण पहिल्या मापाचीच राहिली. लावणीची नर्तकी जेवढ्या वेळात पदर सावरून नुसती उभी राहते, तेवढ्यात येथे नृत्य संपलेले असते. म्हणून गाण्यातला एकच तुकडा घ्यायचा आणि त्याला अंगाची एकच लकब जोडायची. ती लकब अशी हवी की, पाहणाऱ्याला दुसऱ्या खेपेस ती स्वतः करता यावी. फार अवघड असली तर कोणी करणार नाही. अगदीच सोपी असली तर कोणी पाहणार नाही.

या युक्तीचे सामर्थ्य जगाने २०१२ साली पाहिले. कोरियन गायक साय याच्या 'गंगनम स्टाइल' या गाण्यातील घोडदौडीची नक्कल जुलैत सुरू झाली आणि २१ डिसेंबरला यूट्यूबवर ते १०० कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले दृश्य ठरले. कोरियन भाषा येणारे त्यांत किती होते, हे सांगायला नकोच. पाठोपाठ फेब्रुवारी २०१३ मध्ये 'हार्लेम शेक' आले. त्यात तर शिकण्यासारखी एकही लकब नव्हती. आधी एकट्याने अंग हलवायचे, मग सगळ्यांनी मिळून धुडगूस घालायचा, अर्ध्या मिनिटात खेळ खलास! विद्यार्थ्यांनी केले, सैनिकांनी केले, कचेऱ्यांतून झाले. आणि थोड्याच आठवड्यांत त्याचे नाव काढणेही जुनाट वाटू लागले. जे झपाट्याने पसरते, ते त्याच वेगाने सर्वांजवळ येऊन पोहोचते. आणि सर्वांजवळ असलेली गोष्ट पुन्हा दाखविण्यात कोणाला गोडी?

कोणी म्हणेल, लोकनृत्याचे मूळही अनुकरणातच आहे. फुगडी कोणी शाळेत जाऊन शिकले नाही. हे खरे. परंतु फुगडीला समोर दुसरे माणूस लागते, त्याचे हात हातात घ्यावे लागतात. रीलला समोर कोणीच लागत नाही. नंतर मात्र हजारो लागतात. ते पाहणारे नाहीसे झाले की, नृत्यही उरत नाही.

याची कसोटी २०२० सालीच लागली. २९ जूनला सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. टिकटॉक त्यांतलेच. खेड्यापाड्यांतील तरुणांनी शेताच्या बांधावर, गोठ्यापुढे नाचून उभा केलेला अवघा पसारा पडद्यावरून पुसला गेला. त्यांतील कित्येकांच्या अंगी खरी कला होती, याचे आम्हांस दुःख वाटते. त्याच वर्षी मार्चमध्ये साथीमुळे दशाश्वमेध घाट लोकांना बंद झाला होता. एरवी सात अर्चक एका तालात दीप ओवाळतात. त्या काळात एकाच अर्चकाने, रिकाम्या पायऱ्यांपुढे, आरती केली. या आरतीचा आजचा थाट काही प्राचीन नाही, तो १९९० नंतरचा आहे. प्रेक्षकांना दिपविण्याची हौसही त्यात पुरेपूर आहे. असे असूनही प्रेक्षक गेल्यावर ती थांबली नाही. पुराचे पाणी घाटावर चढते, तेव्हा ती शेजारच्या गच्चीवर होते.

गंगेवर नृत्याची लाट येऊन ओसरल्याचे उदाहरणही आहे. होळीनंतरच्या मंगळवारी भरणाऱ्या 'बुढवा मंगल'च्या मेळ्यात शृंगारलेल्या बजऱ्यांवर गणिकांचे गाणे-नाचणे चाले, आणि त्यांच्याभोवती रईसांच्या होड्या दाटत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत आश्रयदाते हटले, सुधारकांचा रोष वाढला आणि मेळा लयाला गेला. पण त्याची चैती आणि ठुमरी उरली, कारण ती शिकायला वर्षे घालवलेली माणसे होती.

बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांचा विचार येथे मनात येतो. घरात आईवडिलांशी हिंदीत बोलणारी मुलगी गणेशोत्सवात 'गुलाबी साडी'वर नाचते, तेव्हा पालकांचा ऊर भरून येतो. तो येऊ द्यावा. मात्र तिच्या अंगात भिनली ती लकब आहे, मराठी नव्हे. आणि २०२५ मध्ये त्याच गायकाचे 'शेकी' आले, तेव्हा ती लकबही बदलली. शब्दाचा अर्थ तिला कोणी सांगितला असता, तर निदान एक शब्द तरी तिच्याजवळ राहिला असता. हे काम गायकाचे नव्हे, घराचे आहे. पण घरेही रील पाहण्यात गुंतलेली!

या संदर्भात २०१६ च्या 'सैराट'मधील 'झिंगाट' पाहण्यासारखे आहे. अजय-अतुल यांच्या त्या गाण्याला ठरीव लकब अशी नाहीच. वरातीत खांद्याला खांदा लागलेला माणूस जसा नाचेल, तसेच त्यावर नाचायचे. ते शेजारच्या घामेजल्या माणसाबरोबर नाचायचे असल्यामुळे आज इतक्या वर्षांनीही वरातींतून आणि मिरवणुकींतून ते वाजतेच. २०१८ साली 'धडक'साठी त्याचे हिंदी रूप झाले, ओळी सगळ्या बदलल्या. 'झिंगाट' हा शब्द मात्र तसाच ठेवावा लागला.