झेंडू आणि ‘मेरिगोल्ड’ : एका नावाचा घोटाळा

शालेय विज्ञान प्रदर्शनांत ‘बागेतील औषधी फुले’ या विषयावरचे तक्ते नेहमी पाहावयास मिळतात. त्यांत झेंडू हमखास असतो. तो त्वचेचा दाह शमवितो, जखमा भरून आणतो, कांती उजळवितो. पुरावा म्हणून शेजारी एखाद्या मलमाचे वेष्टण चिकटविलेले, त्यावर ‘मेरिगोल्ड’ हा शब्द. चित्रे सुबक, अक्षर वळणदार. आमची हरकत एवढीच, की चित्र एका फुलाचे आणि गुण दुसऱ्याच फुलाचे असतात.

इंग्रजीत ‘मेरिगोल्ड’ हे नाव दोन निरनिराळ्या वनस्पतींना आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादर स्टेशनलगतच्या फूलबाजारात ज्याचे ढीग लागतात तो आपला झेंडू म्हणजे टॅजिटिस इरेक्टा. इंग्रज त्याला ‘आफ्रिकन मेरिगोल्ड’ म्हणतात, पण त्याचे माहेर मेक्सिको! मलमात असते ते कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकडच्या बागांतले. दोघांचे कूळ सूर्यफुलाचे, रंगही मिळताजुळता; रसायने मात्र वेगळी.

कॅलेंडुलाच्या बाजूने बरा पुरावा आहे. फ्रान्समधील लिआँ येथे स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. कॅलेंडुलाचे मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्के, तर ट्रोलामाइन हे दुसरे मलम लावणाऱ्यांपैकी ६३ टक्के स्त्रियांना त्वचेचा मध्यम किंवा तीव्र दाह झाला. तुलना दुसऱ्या मलमाशी होती, औषधरहित मलमाशी नव्हती, हे विसरू नये. आणि तिथले फूल झेंडू नव्हते.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा काथ्याकूट नव्हे. परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे कर्करोगी उतरतात. या परिसरातल्या मुलाने शाळेतला तक्ता वाचून, किरणांनी पोळलेल्या आपल्या माणसाच्या त्वचेवर तोरणातला झेंडू वाटून लावला तर? ती फुले सजावटीसाठी पिकविलेली, बहुधा कीटकनाशक फवारलेली. शिवाय झेंडूच्या जातीत, विशेषतः मुळांत, अल्फा-टरथायनिल नावाचे द्रव्य असते. जमिनीतल्या सूत्रकृमींना ते मारते, म्हणून शेतकरी टोमॅटोच्या पिकात झेंडू लावतात. पण अतिनील किरणांच्या सान्निध्यात तेच द्रव्य माणसाच्या त्वचेचाही दाह करू शकते.

झेंडूला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या पाकळ्यांतले ल्युटीन काढण्यासाठी दक्षिण भारतात त्याची शेती होते. ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले की अंड्याचा बलक पिवळाधमक होतो, आणि आपल्या दृष्टिपटलावरील पीतबिंदूतही ल्युटीन असते. तक्त्यावर हे का येत नाही? बहुधा मलमाच्या वेष्टणावर छापलेले नसते म्हणून.

ओळख पटविणे सोपे आहे. झेंडूचे पान पिसासारखे विभागलेले, चुरगळले की उग्र वास येतो. कॅलेंडुलाचे पान अखंड. दसऱ्यानंतर तोरण फेकून न देता वाळलेले फूल वर्गात उसकटावे. आत सरळ, काळ्या काड्या सापडतील, टोकाला फिकट शेपटी असलेल्या. कॅलेंडुलाच्या बियांचे पाकीट बियाणांच्या दुकानातून आणून शेजारी ओतावे : त्या बिया चंद्रकोरीसारख्या वाकड्या आणि खडबडीत असतात.