शृंगधारी डायनोसॉरांची कवटी आणि जातिनिर्णयाचा प्रश्न

लुप्त प्राण्यांचे आप्तसंबंध ठरविताना अभ्यासकांची भिस्त बहुधा कवटीवर असते. शृंगधारी डायनोसॉरांच्या बाबतीत तर वर्गीकरणाची सारी इमारत शिंगे आणि मानेवर मागे पसरलेला अस्थिपट यांवर उभी आहे. परंतु डोळ्यांत भरणारे लक्षण निर्णायक असतेच असे नाही. डेन्व्हरजवळ सापडलेल्या शिंगांवरून मार्श यांनी १८८७ मध्ये बायसनाची एक नवी जाती कल्पिली. वस्तुतः ती शिंगे डायनोसॉराची होती.

मार्श यांनीच पुढे १८८९ मध्ये ट्रायसेराटॉप्स व १८९१ मध्ये टोरोसॉरस ही नावे दिली. पहिल्याचा अस्थिपट आखूड व भरीव. दुसऱ्याचा लांब, पातळ आणि दोन मोठी छिद्रे असलेला. हा भेद प्रजातींचा नसून केवळ वयाचा आहे, टोरोसॉरस म्हणजे पूर्ण वाढलेला ट्रायसेराटॉप्सच होय, अशी उपपत्ती स्कॅनेला व हॉर्नर यांनी २०१० मध्ये मांडली.

या उपपत्तीचे बळ नाकारता येत नाही. ट्रायसेराटॉप्सच्या पिलांची भुवईवरील शिंगे मागे वळलेली, तर प्रौढांची पुढे वळलेली असतात, हे हॉर्नर व गुडविन यांनी २००६ मध्ये दाखविले होते. शिवाय टोरोसॉरसमध्ये जेथे छिद्रे असतात, तेथेच प्रौढ ट्रायसेराटॉप्सचा अस्थिपट पातळ झालेला आढळतो.

तथापि साम्य दाखविणे म्हणजे स्थित्यंतर सिद्ध करणे नव्हे. अस्थिपटाच्या मागील कडेवर ट्रायसेराटॉप्सला सामान्यतः पाच अस्थिखंड असतात. टोरोसॉरसला दहा किंवा अधिक. उतारवयात त्यांची संख्या दुपटीने वाढते असे मानावे, तर या कुलात तसा दाखला नाही, हा फार्के यांचा २०११ मधील आक्षेप मर्मग्राही आहे. लाँगरिच व फील्ड यांनी २०१२ मध्ये कवटीचे सांधे तपासून काही टोरोसॉरस अपक्व, तर काही ट्रायसेराटॉप्स पूर्ण पक्व असल्याचे प्रतिपादिले. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांत असा व्युत्क्रम संभवत नाही.

हा वाद केवळ नावांचा नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या वेळी डायनोसॉरांत किती वैविध्य उरले होते, याचा हिशेब अशाच निर्णयांवर अवलंबून आहे. उपलब्ध पुराव्यांचे पारडे दोन भिन्न प्रजातींकडे झुकते. तरीही २०१० च्या उपपत्तीने घालून दिलेला दंडक टिकेल: कवटीच्या लक्षणातून वयाचा वाटा वजा केल्यावाचून त्यावर नात्याचा निर्णय उभारू नये.