पाकिटावरचे साहित्य

कंदाच्या पाकिटावरचा मजकूर हाही एक कथाप्रकार आहे, हे समीक्षकांनी अजून मान्य केलेले नाही. सौ.ने आणलेल्या पाकिटावर ठसठशीत ‘अ‍ॅमॅरिलिस’! चित्र झकास, शैली प्रवाही; खोट फक्त कथानकात. दांडा कापला तर आतून पोकळ, नळीसारखा. म्हणजे हे दक्षिण अमेरिकेचे हिपिअ‍ॅस्ट्रम. खरी अ‍ॅमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेची. तिचा दांडा भरीव, आणि ती फुलते तेव्हा पाने नसतात. नावाचा हा घोळ वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८७ च्या बर्लिन परिषदेत मिटवला. पाकीटवाल्यांना ते परिपत्रक मिळालेले दिसत नाही. आमच्याकडे सही जुळली नाही तर चेक परत जातो. इथे फूल उमलेपर्यंत पावतीच हरवते.

‘‘अहो, पण फूल छान आहे ना?’’ सौ. म्हणाली.

फूल छानच आहे. परीक्षण पाकिटाचे चालले आहे.