‘भाडेकरू’ आणि ‘परवानाधारक’ : एका शब्दभेदाची चिकित्सा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे अकरा महिन्यांच्या कराराने घर घेणारा मनुष्य स्वतःस भाडेकरू म्हणवितो. शेजारीही त्यास त्याच नावाने ओळखतात. त्याने सही केलेल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात मात्र तो परवानाधारक असतो, आणि दरमहा देतो ते भाडे नसून परवाना-शुल्क असते. हा भेद निव्वळ शाब्दिक नव्हे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्ट्याने मिळकतीच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमातील परवान्याने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. एरवी बेकायदा ठरणाऱ्या वापरास मुभा तेवढी मिळते. १९५९ साली दिल्लीतील एका हॉटेलातील केशकर्तनाच्या खोल्यांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजातील नावापेक्षा आशय प्रमाण मानला, आणि ‘परवाना’ म्हणविणारा करार भाडेपट्टाच ठरविला.

महाराष्ट्राने १९७३ च्या दुरुस्तीने याही पुढे पाऊल टाकले. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस चालू कराराने घरात राहणारे परवानाधारक भाडेकरू मानले गेले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने मात्र दिशा पालटली. त्याच्या कलम २४ अन्वये लेखी परवाना-करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा होय. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पूर्वी शब्द वस्तुस्थितीने तपासला जाई. आता शब्दच वस्तुस्थिती ठरवितो.

या कठोरपणास कारण नाही असे नव्हे. दिलेले घर परत मिळण्याची खात्री नसेल, तर मालक ते कुलूपबंद ठेवणेच पसंत करील. तथापि कायद्याने अर्थ बदलला तरी बोली बदललेली नाही. जुन्या चाळीतील पगडीचा रहिवासी आणि अकरा महिन्यांचा रहिवासी या दोघांनाही ती ‘भाडेकरू’च म्हणते. पहिल्यास कायद्याचे संरक्षण आहे, दुसऱ्यास नाही. परंतु समान नावामुळे दुसराही त्या संरक्षणाची अपेक्षा बाळगतो, आणि मुदत संपते त्या दिवशी त्याचा भ्रम दूर होतो.

कायद्यास शब्द निर्णायक मानावयाचा असेल, तर तो सही करणाऱ्यास कळलाच पाहिजे. करारातील पहिलेच वाक्य सुबोध मराठीत असावे : या घरात राहणारा भाडेकरू नाही.