समाकलनीय स्पिनसाखळीतील वहन : एका समीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक : हान्स बेथे यांनी १९३१ साली एकमितीय हायझेनबर्ग स्पिनसाखळीचे अचूक उत्तर दिले. अशा समाकलनीय प्रणालीत अक्षय्य राशी विपुल असतात. म्हणून तिच्यातील प्रत्येक वहन निर्बाध असणार, असे सहज गृहीत धरले जाते. या गृहीताची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : हायझेनबर्ग साखळीत ऊर्जाप्रवाह स्वतःच अक्षय्य असल्याने ऊर्जा निर्बाध वाहते. स्पिनप्रवाह मात्र अक्षय्य नाही. उच्च तापमानाला, चुंबकीय क्षेत्राच्या अभावी, विषमदिशता गुणांक एकाहून कमी असता स्पिनवहन निर्बाध, तर अधिक असता विसरणरूप होते. गुणांक नेमका एक असता स्पिनचा प्रसार काळाच्या २/३ घाताने होतो. विसरणात हा घात १/२, तर निर्बाध वहनात १ असतो.

२०१९ सालच्या संगणकीय अभ्यासात या प्रसाराचा आकार कार्दार, पारिसी व झांग यांच्या १९८६ च्या समीकरणाशी जुळला. २०२१ मध्ये न्यूट्रॉन-प्रकीर्णनाने व २०२२ मध्ये अतिशीत रुबिडियम अणूंवरील प्रयोगाने २/३ घाताला पुष्टी दिली. परंतु घात जुळला म्हणजे वर्ग एकच ठरला, हा निष्कर्ष घाईचा आहे. वाढत्या पृष्ठभागाचे चढउतार असममित असतात. समतोल साखळीत मात्र वर-खाली स्पिनांची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही, म्हणून वाहून गेलेल्या स्पिनचे वितरण सममितच राहते. गूगलच्या ४६ क्यूबिटांच्या प्रयोगातही (२०२४) सरासरी व विचरण जुळले, असममिती व शिखरता जुळल्या नाहीत.

'अचूक उत्तर' या शब्दाबाबतही सावधगिरी हवी. १९६९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी अभ्यासलेल्या साखळीची किमान ऊर्जेची अवस्था अचूक माहीत आहे. तरीही ती साखळी समाकलनीय नाही.

समारोप : समाकलनीयता हे वहनाचे उत्तर नसून त्याविषयीच्या प्रश्नाचा आरंभ आहे. दहा स्पिनांच्या बंद साखळीत केवळ १०२४ अवस्था असतात. हायझेनबर्ग साखळीत ऊर्जाप्रवाह हॅमिल्टोनियनशी क्रमनिरपेक्ष आहे, मजुमदार-घोष साखळीत नाही, हे साध्या संगणकावर पडताळता येते. शहापूर-मुरबाडच्या ग्रामीण महाविद्यालयांतही ही चिकित्सा वर्गात करून दाखविणे शक्य आहे.