रॉसचे आत्मचरित्र : काय घ्यावे, काय पारखून घ्यावे

२० ऑगस्ट हा दिवस ‘जागतिक डास दिन’ म्हणून पाळला जातो. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादजवळ बेगमपेटच्या इस्पितळात रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला. वर्गात ही गोष्ट आपण बहुधा चार वाक्यांत संपवतो. रॉसने डास कापला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, शोध लागला आणि १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही एवढ्यावरून विज्ञान कसे चालते याविषयी विद्यार्थ्यांची जी समजूत होते, ती मात्र चुकीची असते.

ती दुरुस्त करायला स्वतः रॉसनेच लिहिलेले ‘मेमॉयर्स’ हे आत्मचरित्र उपयोगी पडते. १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या या पाचशेहून अधिक पानांच्या ग्रंथाला त्या वर्षीचे जेम्स टेट ब्लॅक पारितोषिकही मिळाले. ग्रंथ जाडजूड आहे, जागोजागी कुरकुरा आहे आणि लेखकाला स्वतःविषयी फार बोलायला आवडते. तरीही शिक्षकांनी तो चाळावा असे मला वाटते. मात्र त्याचे दोन भाग मनात वेगळे ठेवावेत.

पहिला भाग अपयशाचा. तोच या पुस्तकाचा खरा ठेवा आहे.

लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. तो एका माणसाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो कसा, हे कोडे होते. हत्तीरोगाचे कृमी डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सनने चीनमध्ये असताना दाखवले होते. १८९४ मध्ये लंडनला त्याने रॉसला हिवतापाचे परजीवी दाखवले आणि इथेही डासच असावा, अशी आपली अटकळ सांगितली. पण मॅन्सनची समजूत अशी की, डास अंडी घालून पाण्यात मरतो, परजीवी पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. १८९५ मध्ये भारतात परतल्यावर रॉसने हेही तपासले. रुग्णांचे रक्त प्यालेले डास ज्यात मेले होते, ते पाणी त्याने काही माणसांना पाजले. एकाला थोडा ताप आला. रॉसला उमेद वाटली. पण पुन्हा पुन्हा करून पाहता तसे घडेना.

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे तो डास कापत होता, आणि बहुतेक वेळ भलत्याच जातींचे! डासांच्या वर्गीकरणाची पुरेशी माहिती त्याच्यापाशी नव्हती. करडे, पट्ट्यापट्ट्यांचे, ठिपकेदार पंखांचे अशी नावे त्याने आपल्यापुरती पाडली होती. मध्येच सरकारने त्याला पटकीच्या बंदोबस्तासाठी बंगलोरला धाडले. उकाड्यात पंखा लावावा तर डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, नेत्रिकेला तडा गेला.

अखेर अळ्यांपासून वाढवलेले ठिपकेदार पंखांचे डास त्याने हुसेन खान या रुग्णाला चाववले. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठरभित्तीत रॉसला गोल पेशी दिसल्या. हिवतापाच्या परजीवीत असतात तसेच काळे कण त्यांत होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास कापला. त्यातल्या पेशी आकाराने मोठ्या होत्या.

माझ्या मते २१ ऑगस्ट हा दिवस २० ऑगस्टपेक्षा महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी काहीतरी वेगळे दिसले, एवढेच म्हणता येते. दुसऱ्या दिवशी ते वाढते आहे, म्हणजे जिवंत आहे, असे म्हणायला आधार मिळाला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांच्या वह्यांत फसलेल्या प्रयोगांचीच पाने जास्त असतात. छापील लेखांत ती येत नाहीत. रॉसने मॅन्सनशी झालेला पत्रव्यवहार पुस्तकात भरपूर दिला आहे, म्हणून ती पाने इथे वाचायला मिळतात.

दुसरा भाग श्रेयाचा. इथे मात्र वाचकाने सावध राहायला हवे.

बेगमपेटनंतर रॉसची बदली राजपुतान्यात झाली आणि माणसांवरचे काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्याला त्याने पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास केला. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतात आणि चाव्यातून निरोगी पक्ष्यात शिरतात, हे त्याने दाखवले. हे काम अव्वल दर्जाचे होते. पण माणसाच्या हिवतापाची साखळी पूर्ण केली ती त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी, बिग्नामी आणि बास्तिआनेल्ली यांनी. अॅनॉफिलिस हाच तो डास हेही त्यांनी नक्की केले. रॉस मात्र त्यांच्याविषयी असे लिहितो, जणू ते चोरच होते. पंचवीस वर्षे उलटली तरी राग निवलेला नाही. या प्रकरणात रॉस हा पक्षकार आहे, न्यायाधीश नव्हे. रॉस आणि मॅन्सन यांचा पत्रव्यवहार १९९८ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना पडताळा घ्यायचा असेल त्यांना तो उपलब्ध आहे.

हुसेन खानाचे आणि पाणी पिणाऱ्या माणसांचे काय? कथनात ते येतात आणि साधनांसारखे बाजूला ठेवले जातात. धोका त्यांना समजावून सांगितला होता का, त्यांना नाही म्हणता आले असते का, हे प्रश्न रॉसला पडलेले दिसत नाहीत. तो काळ वेगळा होता हे खरे. पण आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि का करणार नाही, हे विद्यार्थ्यांना कळायला हवे.

ग्रंथाच्या लांबलचक नावात हिवतापाची समस्या ‘आणि तिची उकल’ असे शब्द आहेत. उकल झाली ती संक्रमणाच्या मार्गाची. रोग हटला नाही. आजही जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे त्याने दगावतात. रॉसला याची जाण होती, आणि म्हणूनच त्याचे पुढचे काम मला अधिक मोलाचे वाटते. सगळे डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तर रोग आपोआप ओसरतो, हे त्याने गणिताने मांडले. १९११ च्या त्याच्या हिवताप-प्रतिबंधावरील ग्रंथात ही मांडणी आहे. २०२० च्या साथीत एक रोगी किती जणांना रोग देतो, हा आकडा घरोघरी बोलला गेला. त्या विचाराच्या मुळाशी रॉसचे गणितही आहे. आपल्या धड्यांत मात्र ते येत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ शिकवताना शोधाचे वाक्य शेवटी सांगा. आधी २० ऑगस्टचे निरीक्षण फळ्यावर लिहा आणि विचारा, यावरून काय सिद्ध झाले? मग २१ ऑगस्टचे लिहा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. शेवटी विचारा, अजून काय सिद्ध व्हायचे राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले आपणहून कलकत्त्याला आणि रोमला पोचतील.